निळ्या काठाचं भांडं

लोकांचं भांडं आपल्या घरात राहिलं की माणसाला स्वस्थ झोप लागू नये, असं माझ्या आईचं मत आहे. माझं तसं नाही. शेजाऱ्यांच्या दोन छत्र्या, ऑफिसातल्या कुणाचा तरी चार्जर आणि आमच्या गल्लीतल्या गिरीशची ॲल्युमिनियमची शिडी एवढा ऐवज घरात असतानाही मी गाढ झोपतो. गिरीशची शिडी आमच्याकडे आहे हे आता गिरीशही विसरलाय, आणि तुम्हीही त्याला आठवण करून देऊ नये अशी विनंती आहे.

पण आईची गोष्ट वेगळी. तिनं बत्तीस वर्षं कराडच्या टपाल कचेरीत काढली. ज्याची वस्तू त्याला पोचलीच पाहिजे, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम नोकरीचा नव्हे, माहेरचा: कुणाचं आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घाला, पण रिकामं नको. या दोन नियमांच्या कात्रीत आमचं चार माणसांचं कुटुंब डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमध्ये नऊ महिने कसं सापडलं होतं, त्याची ही हकीकत.

आई फेब्रुवारी २०२०मध्ये तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. बॅगेत तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे रोहिणीमावशीचा, पुरीचा डबा होता, काठोकाठ मेतकुटानं भरलेला. हा डबा मी जन्मल्यापासून पाहतोय. कराडहून करंज्या भरून इस्लामपूरला मावशीकडे जायचा, इस्लामपूरहून तिच्या परसातल्या घेवड्याच्या शेंगा भरून कराडला यायचा. झाकणावर ‘सौ. रोहिणी’ असं कोरलेलं आहे, पण डबा नक्की कुठल्या घरचा हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचे सोळा महिने झाले. आमच्या इस्टेटीतली, म्हणजे वसाहतीतली, एकशेचाळीस घरं, त्यांची कुंपणं आणि कुत्री आईला तोंडपाठ झाली. सप्टेंबरात निर्बंध जरा सैल होते, तेव्हा सुमेधा, म्हणजे माझी बायको, मला म्हणाली, “आईंना कुठेतरी बाहेर ने रे. काल त्या पुढच्या गल्लीतल्या घरांना रंग कुठला बरा दिसेल ते मला सांगत होत्या.”

मी शोध लावला. वॉटरफर्डच्या पुढे समुद्राकाठी आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची छोटीशी वस्ती आहे, त्यांची बेकरी आहे, असं मला कळलं. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या क्वालिटी विभागात आहे. योग्य खोक्यात योग्य गोळी आहे आणि त्यावर योग्य लेबल आहे, एवढं बघण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट करण्याआधी पूर्ण अभ्यास करायची मला सवय आहे. मी अमेरिकेतल्या आमिश लोकांवरचे तीन व्हिडिओ पाहिले आणि १२ सप्टेंबरच्या शनिवारी गाडीत दोन तास अखंड व्याख्यान दिलं. ते वीज वापरत नाहीत, मोटार चालवत नाहीत, घोडागाडीतून फिरतात, फोनला शिवत नाहीत.

वस्तीवर पोचलो. काळी हॅट आणि खांद्यावरून पट्टे लावलेली पँट घातलेला एक दाढीवाला माणूस भल्यामोठ्या डिझेल व्हॅनमधून उतरला. तो मोबाइलवर बोलत होता.

“डॅडी,” आमची नऊ वर्षांची रेवा म्हणाली, “व्हेअर आर द हॉर्सेस?”

रेवाला मराठी सगळं समजतं. उत्तर मात्र क्लोनडॉकिनच्या इंग्रजीत येतं, आणि ते फार वेळा मला उद्देशून असतं. मी सांगितलं की ही आयर्लंडची शाखा आहे, जरा सुधारलेली. सुमेधा खिडकीबाहेर पाहत हसली. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर माणूस आवाज न करता हसायला शिकतो.

बेकरीत मिरियम नावाची बाई होती. साठीची, लांब झगा, एप्रन, डोक्यावर पांढरी टोपी. आईनं तिला एकदा नखशिखान्त पाहिलं आणि शेरा दिला, “डोकं झाकलंय बाईनं. बरी दिसतीय.” एवढ्यात, अरुंद रस्त्यांच्या वळणांनी हैराण झालेल्या रेवानं बेकरीच्या दारातल्या फुलझाडांवर सकाळचा नाश्ता परत केला. मिरियमनं कपाळाला आठी न घालता बादलीभर पाणी ओतलं, पोरीला बाकावर बसवलं, आणि आम्ही निघताना स्वतःच्या स्वयंपाकघरातून एक झाकणाचं भांडं आणून आईच्या हातात दिलं. पांढरं इनॅमल, निळा काठ. आत ओट आणि सफरचंद घालून भाजलेलं काहीतरी ऊनऊन होतं. पोट शांत होईल म्हणाली.

“आणि भांडं?” मी विचारलं.

“कधी या बाजूला आलात तर आणा.”

इथल्या भाषेत याचा अर्थ ‘राहू द्या तुमच्याकडेच’ असा होतो, हे मला अकरा वर्षांच्या वास्तव्यानं कळतं. आईला मी ते वाक्य भाषांतर करून सांगितलं, तीच चूक. ती म्हणाली, “मग पुढच्या शनवारी येऊ.”

पुढच्या शुक्रवारी आईनं बेसनाचे लाडू वळून भांडं भरलं, आणि त्याच संध्याकाळी सरकारनं जाहीर केलं की डब्लिनच्या लोकांनी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. लाडू आम्ही खाल्ले. भांडं घासून पुसून स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये गेलं. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. आईनं आल्यापासून सहज उचललेला इंग्रजी शब्द तो एकच, कारण तिचा जीव त्यात अडकला होता.

ऑक्टोबरात तर पाच किलोमीटरची मर्यादा आली. टीव्हीवर कुठलीही घोषणा झाली की आई विचारायची, “भांड्याचं काय म्हणाले?” मी सांगायचो, “आई, ते देशाबद्दल बोलतायत.” ती म्हणायची, “देशात भांडी नसतात होय?”

आता यात गिरीश पडला. गिरीश नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये, दोन घरं सोडून राहतो. निर्बंधांचं त्याचं ज्ञान सरकारपेक्षा एक दिवस पुढे असायचं. कुंपणापलीकडे दोन मीटरवर उभा राहून तो म्हणाला, “अरे प्रताप, कशाला टेन्शन घेतो बे? तुझ्या कंपनीचं लेटर काढ. अत्यावश्यक डिलिव्हरी.”

“कशाची?”

“लिहायचं काय त्यात? पात्र.”

माझ्या पदाचा विचार करता हे मला शोभलं नसतं. मग तो म्हणाला पोस्टानं पाठव. मी ही सूचना आईपुढे मांडली.

“मी पोस्टात होते म्हणून सांगते,” ती म्हणाली, “पोस्टानं भांडं पाठवायचं न्हाई.”

शेवटी मी सरकारी माहितीच्या फोनवर विचारलं. भांडं परत करायला जाणं हे अत्यावश्यक कारणात बसतं का? पलीकडच्या बाईंनी विचारलं, भांड्यात काय आहे? मी म्हणालो, सध्या काही नाही, पण रिकामं परत करता येत नाही, म्हणून जायच्या आदल्या दिवशी लाडू करतील. बाई म्हणाल्या, “माझी आईपण अशीच होती.” माझ्या आशा पल्लवित झाल्या. “पण नाही,” त्या म्हणाल्या.

डिसेंबरात आठ-नऊ दिवस रस्ते मोकळे झाले. पुन्हा लाडू वळले गेले. सुमेधा हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. तिच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी पॉझिटिव्ह निघाली आणि आम्ही सगळे घरात कोंडले गेलो. लाडू पुन्हा आम्हीच खाल्ले. त्या भांड्यानं माझी कंबर दोन इंचांनी वाढवली, हे मी इथं कुठलीही तक्रार न करता नोंदवून ठेवतो.

आणि मग एप्रिल आला. त्याबद्दल फार बोलवत नाही. रोहिणीमावशी आठ दिवस सांगलीच्या हॉस्पिटलात होती, नवव्या दिवशी गेली. रविकांतकाकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, शेवटचं लांबूनच पाहू दिलं. आईनं ते फोनच्या पडद्यावर पाहिलं, क्लोनडॉकिनच्या स्वयंपाकघरात, हातात पोळीचं पीठ तसंच. ती रडली, पण थोडी. दुसऱ्या दिवशी तिनं मावशीचा पुरीचा डबा काढला, घासला, पुसला आणि ओट्यावर ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा घासला. मग रोजच. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून घासते. मी तिला वेळ घालवायला म्हणून टॅबवर भजनं लावून दिली. मला वाटतं ते मला माहीत असतं, असं मी त्या दिवसांत समजत होतो.

मे महिन्यात रस्ते उघडले. पहिल्या शनिवारी माझी लस, दुसऱ्याला गाडीचं टायर, तिसऱ्याला पाऊस, चौथ्याला सुमेधाची ड्यूटी. तोवर आईचं तिकीटही मिळालं, मंगळवार १५ जूनचं. रविवारी सकाळी दहाला तिची कोविडची टेस्ट, म्हणजे उरला फक्त १२ जूनचा शनिवार. आईनं जाहीर केलं, “लोकांचं भांडं घरात ठिऊन मी इमानात बसायची न्हाई.”

“आई, मी नंतर पोचवीन.”

“गिरीशची शिडी पोचवलीस तशी?”

मी उठून गाडीत पेट्रोल भरायला गेलो.

शुक्रवारी दुपारी आईनं तिसऱ्यांदा लाडू वळले, भांडं भरलं, आणि प्रवासाला जाणारी वस्तू जशी जायला हवी तशी तयार केली. म्हणजे पांढऱ्या मांजरपाटात घालून दाभणानं शिवली. कराडच्या कचेरीत बत्तीस वर्षं तिनं हेच पाहिलं होतं. रेवानं वर मार्करनं मोठ्या अक्षरांत मिरियमचं नाव लिहिलं. मग हात लागलाच आहे म्हणून आईनं विमानानं न्यायचा मावशीचा डबाही तशाच कापडात शिवून टाकला आणि त्यावर स्वतःच्या ठसठशीत अक्षरात इस्लामपूरचा पत्ता लिहिला. दोन गाठोडी ओट्यावर शेजारी शेजारी बसली. दोन्ही गोल, पांढरी, एकाच टाक्याची.

सकाळी निघायच्या घाईत सुमेधा म्हणाली, “ओट्यावरचं घे रे.” मी घेतलं. हातात घेताच जाणवलं की गाठोडं हलकं आहे. आमच्या कारखान्यात कुठलंही खोकं हलकं लागलं तर पट्टा थांबवायचा असा नियम आहे, आणि तो नियम मी स्वतः लिहिलेला आहे. पण मी मनात म्हटलं, बरं झालं, या खेपेला आईनं लाडू बेतानं केले. गाठोडं डिकीत ठेवलं, पत्त्याची बाजू खाली.

गाडीत आई खुशीत होती. कित्येक आठवड्यांनी ती तशी दिसत होती. कार्लोच्या पुढे गायी दिसल्या तशी म्हणाली, “काय गाया हैत. एकेक गाय पंचायत समितीच्या सभापतीवाणी बसलीय.” रेवानं पोटाची गोळी घेतली होती. मी व्याख्यान दिलं नाही.

मिरियम बेकरीबाहेरच्या बाकावर बसली होती. मास्क होता, पण डोळे तेच. “पोट कसं आहे?” तिनं पहिल्यांदा रेवालाच विचारलं. रेवा लाजली आणि फुलझाडांपासून लांब उभी राहिली.

मी डिकीतून गाठोडं काढलं आणि दोन्ही हातांनी मिरियमला दिलं. नऊ महिन्यांचा उशीर झाला म्हणून इंग्रजीत चार वाक्यं बोललो, ती मी गाडीत मनाशी रचली होती. आमच्या संस्कृतीत भांडं रिकामं परत करत नाहीत, असं शेवटचं वाक्य होतं. ते मी जरा हळू आणि स्पष्ट म्हटलं. मिरियमनं एप्रनच्या खिशातून कात्री काढली. गाठोडं फिरवलं, आणि पत्ता वर आला.

आईचा हात माझ्या दंडाला लागला. “परताप,” ती म्हणाली, “ते आक्काचं हाय.”

तोवर शिवण सुटली होती. मिरियमनं कापड बाजूला केलं. स्टीलचा डबा उन्हात लखलखला, पन्नास दिवस रोज घासलेला. तिनं झाकण उघडून आत पाहिलं. डबा रिकामा होता.

मग तिनं झाकणावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “किती सुंदर आहे,” ती म्हणाली. “एवढं नको होतं हो करायला. जुनं भांडंच चाललं असतं.”

आम्ही तिच्या जुन्या भांड्याच्या बदल्यात तिला नवा डबा भेट दिला, असं ती समजली होती.

मी बोलू लागलो. म्हणजे मला तसं वाटतं. सुमेधा म्हणते की मी ‘लेबल’ हा शब्द पाच वेळा उच्चारला आणि एकही वाक्य पुरं केलं नाही. एवढ्यात आईनं पुन्हा माझा दंड दाबला.

“असू दे,” ती म्हणाली. “दिलेलं माघारी मागायचं नसतं. तिला आवडलाय. ऱ्हाऊ दे तिला.”

“आई, अगं पण मावशीचा डबा—”

“ऱ्हाऊ दे म्हटलं ना.” तिचा आवाज अगदी साधा होता. “न्हाईतरी त्यात काय घालून न्यायचं ते मला कळत नव्हतं.”

मी तिथं उभा राहिलो. मिरियमच्या मांडीवर डबा, तिच्या डोळ्यांत आनंद, आणि माझ्या आईचे दोन्ही हात पदरात. त्या क्षणी मला जे सुचायला हवं होतं ते रेवाला सुचलं. ती पुढे झाली आणि मिरियमच्या समोर उभी राहून इंग्रजीत बोलू लागली. भराभर, वर्गात उत्तर देताना बोलतात तशी.

“सॉरी, पण तो तुमचा नाही. तो माझ्या आजीच्या बहिणीचा आहे. तुमचं भांडं घरीच राहिलं, डॅडनी चुकीचं आणलं. आजीची बहीण एप्रिलमध्ये गेली. त्या दोघी हा डबा एकमेकींना पाठवायच्या, कधीच रिकामा नाही, चाळीस वर्षं. आता आजीला तो परत न्यायचाय आणि त्यात काय घालायचं ते तिला कळत नाहीये. कारण कुणी गेलं असेल त्या घरी गोड नेत नाहीत. आणि रिकामा न्यायचा नसतो. म्हणून ती रोज घासते.”

आमच्या पोरीला हे सगळं माहीत होतं. आई डबा घासताना जे पुटपुटायची, ते रेवा शेजारी बसून गणितं करता करता ऐकत होती. मी टॅबवर भजनं लावून ऑफिसच्या मीटिंगला गेलो होतो. मला लाज वाटली, आणि पोरीचा अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम आल्यानं चष्मा काढून पुसावा लागला.

मिरियमनं झाकण लावलं, ती उठली आणि डबा घेऊन घरात गेली.

“कुठं नेला?” आईनं विचारलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सुमेधा हळूच म्हणाली, “तिनं आत केक भरला तर?” आईचा चेहरा उतरला. मी दारापर्यंत गेलो, पण परक्या बाईच्या घरात शिरून ‘केक नको’ म्हणण्याची रीत कुठल्याच संस्कृतीत नसावी.

मिरियम आली ती डबा दोन्ही हातांत धरून. जड दिसत होता. तिनं आईच्या शेजारी, मधे हातभर अंतर ठेवून, बाकावर बसून झाकण उघडलं. आत वाळलेले घेवड्याचे दाणे होते, काठोकाठ. फिकट पिवळसर, त्यावर तांबडे पट्टे.

“माझ्या आईचं बियाणं आहे,” ती रेवाला म्हणाली. “ती गेली तेव्हा माझ्याकडे आलं. आम्ही दरवर्षी थोडं पेरतो, थोडं खातो. आजीला सांग, हे गोड नाही.”

रेवा आजीकडे वळली. आणि आमच्या घरात जे नऊ वर्षांत क्वचितच झालं असेल ते झालं. तिनं पुरं वाक्य मराठीत सांगितलं, अडखळत, एकेक शब्द शोधत. “आजी, ती म्हणते, हे तिच्या आईचं बी आहे. आई गेली. मग हिच्याकडे आलं. ती म्हणते, हे गोड नाहीये.”

आईनं एक दाणा उचलून डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितला.

“हा तर वाघ्या घेवडा,” ती म्हणाली. “आक्काच्या परसात हाच असतोय.”

मग ती रडली. एप्रिलमध्ये रडायची राहिलेली सगळी. सुमेधानं तिला जवळ घेतलं. मिरियम नुसती बसून राहिली, आणि काही बोलून ते बिघडवलं नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा आभारी आहे.

आई शांत झाल्यावर मिरियमनं उसवलेलं कापड पुन्हा डब्याभोवती गुंडाळलं आणि आतून सुईदोरा आणवला. या बायका गोधड्या शिवतात. एका टोकाकडून ती शिवू लागली. आईनं थोडा वेळ पाहिलं, मग हात पुढे करून दुसरी सुई मागून घेतली आणि दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. मध्ये दोघींची गाठ पडली तेव्हा आईनं मिरियमच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. टपाल कचेरीत हजारो पार्सलं तपासलेला अंगठा तो.

“टाका बारीक हाय बाईचा,” ती म्हणाली. आईच्या शब्दकोशात याहून मोठी पदवी नाही. रेवानं त्याचं भाषांतर केलं, “शी सेज युअर स्टिचेस आर ग्रँड,” आणि मिरियम पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

परतीच्या वाटेवर आईनं गाठोडं मांडीवर घेतलं होतं. डिकीत ठेवू का असं मी एकदा विचारलं, तर तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर ओट्यावर निळ्या काठाचं भांडं होतंच, लाडवांसकट. आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. “मी जाते. हे तू पोचवायचं. आणि लाडू खाऊन न्हाई.” मंगळवारी विमानतळावर मी दाणे न्यायच्या नियमांचा तक्ता छापून नेला होता. आई म्हणाली, कुणी विचारलंच तर आमटीचा घेवडा आहे असं खरं ते सांगेन. कुणी विचारलं नाही. सुरक्षेच्या रांगेत ती गाठोडं पोटाशी धरून उभी होती, आणि वळणावर दिसेनाशी होण्याआधी तिनं हात हलवला तो रेवाला.

भांडं मी पोचवलं. लगेच नाही, जुलैच्या तिसऱ्या शनिवारी, पण पोचवलं. लेबल तीनदा तपासून. मिरियमनं लाडू पाहिले, आत गेली, भांडं रिकामं केलं, आणि बाहेर आली तेव्हा त्यात वाफाळता जर्दाळूचा केक होता. “कधी या बाजूला आलात तर आणा,” ती म्हणाली. सुमेधानं कपाळावर हात मारला. तेव्हापासून वॉटरफर्डचा रस्ता आमच्या गाडीला पाठ झालाय, आणि तिथल्या स्वयंपाकघरात आमचेही दोन स्टीलचे डबे आहेत.

सप्टेंबरात एका रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. आई इस्लामपूरला गेली होती तेव्हाचं आम्हाला माहीत होतं. रविकांतकाका एप्रिलपासून कुणाशी फारसं बोलत नव्हते. त्यांनी ते गाठोडं कात्री न लावता, एकेक टाका सोडवून उघडलं होतं. कापड घडी घालून मावशीच्या कपाटात ठेवलं होतं. अर्धे दाणे परसात टोकून लावले होते. इथवर आईनं तेव्हाच सांगितलं होतं.

“आज दाजी आले हुते,” आई म्हणाली. “यष्टीनं. एकलेच.”

“काय म्हणाले?”

“काय न्हाई. च्या घेतला. गेले.” तिनं फोन दुसरीकडे वळवला. कराडच्या आमच्या ओट्यावर मावशीचा पुरीचा डबा होता. आईनं झाकण काढलं. आत कोवळ्या घेवड्याच्या शेंगा होत्या, काठोकाठ.

“आता करंज्या कराव्या लागतील,” ती म्हणाली.